डिचोलीच्या बैठकीतली शेवंतीची जागा

पातोळ्यांचे भांडे करपले ती चवथ परबांच्या घरात अजूनही 'तापाची चवथ' म्हणून सांगितली जाते. पुढच्या खोलीत गणपतीसमोर पाहुणे बसलेले, आरती नुकतीच आटोपलेली, आणि मागीलदारातून हळदीच्या पानांचा जळका वास येऊ लागला. गुरुदास उठून आत गेला. भांड्यातले पाणी केव्हाच आटले होते, पाने काळी पडली होती, आणि चुलीशेजारी लाकडांच्या ढिगाला टेकून त्याची बायको शेवंती तोंड उघडे टाकून झोपली होती. तिच्या लुगड्याचा पदर विस्तवापासून वीतभर लांब होता. गुरुदासने आधी पदर ओढला, मग भांडे उतरवले, आणि बाहेर येऊन पाहुण्यांना म्हणाला, "तिका ताप आसा."

हे सांगायला त्याला विचार करावा लागला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यानंतर घरात तो शब्दच रूढ झाला. मुलगी गौरवी म्हापशाच्या कॉलेजातून घरी आली की चपला काढता काढता विचारी, "आज ताप आसा काय?" आणि आई शुद्धीवर असली तरी उत्तराची वाट न बघता आत जाई.

शेवंती केरीच्या किनाऱ्यावरच्या एका गेस्ट हाऊसमध्ये खोल्या आवरी. पाहुणे गेले की खोलीत एका पायातली चप्पल उरे, ओला टॉवेल उरे, कुरतडलेला पाव उरे आणि बाटल्या उरत. बाटली पूर्ण रिकामी करून जाणारा पाहुणा विरळा. उरलेली दारू मोरीत ओतावी आणि काच पोत्यात भरावी असा मालकाचा नियम होता. बाकीच्या बायका ती पाण्याच्या बाटलीत भरून नवऱ्यांसाठी घरी नेत. शेवंतीच्या घरी पिणारा पुरुष नव्हता. तिच्या वाटणीची दारू मोरीत जाते असे सगळ्यांनी धरून चालले होते, आणि तिनेही कित्येक वर्षे तो समज मोडला नाही.

गुरुदास वीज खात्यात लायनमन होता. खांबावर चढणाऱ्याचा हात थरथरून चालत नाही, हे त्याच्या न पिण्याचे पहिले कारण. दुसरे कारण त्याहून मोठे होते. गावच्या देवाचा तरंग त्याच्या घराण्याकडे होता. तरंग म्हणजे लुगडी नेसवलेला उंच खांब. दसऱ्याला देव त्या रूपाने गावात फिरतो, आणि तो खांद्यावर घेणाऱ्या माणसाने नवरात्रभर देवळात राहून उपास करायचा असतो. दारूचा त्याला वाससुद्धा चालत नाही. गुरुदासच्या बापाने तरंग घेतला, आज्याने घेतला. वाड्यावर गुरुदासला लोक नावाने कमी आणि 'तरंगवाले' म्हणून जास्त ओळखत.

चवथीनंतर शेवंतीने पिणे सोडायचे ठरवले. तिला कोणी सांगितले नव्हते. भांडे घासताना बुडाचा काळा थर निघेना, आणि ती राख, नारळाची शेंडी, चिंच असे सगळे करून पाहत मागीलदारी बसून राहिली. उठली तेव्हा ठरले होते. ठरवलेले टिकले नाही. मग तिने आरोग्य केंद्रातल्या बाईंना, दुसऱ्या कोणासाठी तरी विचारते आहे अशा आवाजात, दारू सोडणाऱ्यांची बैठक कुठे भरते ते विचारले. बाईंनी एक फोन नंबर दिला. फोनवरचा माणूस मायाळू होता, आणि त्याने नवऱ्यालाच आणायला सांगितले.

"घोवाक घेवन येवा, वहिनी."

"घोवाक नाय. माका—"

"तो येवक आयकना, होय? पयल्यांदा कोणच आयकना. तुम्ही रडा नको."

शेवंती रडत नव्हती. तिने फोन ठेवला.

म्हापशाला एक बैठक होती. तिथे ती एकटी गेली. लोक इंग्रजीतून बोलत होते, मध्येच कोंकणीत येत होते आणि पुन्हा इंग्रजीत जात होते. अर्धे तिला कळले आणि त्या अर्ध्यानेही बरे वाटले. पण दुसऱ्या रांगेत तिच्याच गेस्ट हाऊसचा सुपरवायझर बसला होता. दोघांनी एकमेकांना पाहिले. बैठकीत ऐकलेले बाहेर न्यायचे नसते, आणि त्याने ते नेले नाहीच. त्याने फक्त दुसऱ्या दिवसापासून तिला खोल्यांवरून काढून धुण्याच्या खोलीत टाकले. "बाटल्यांपासून लांब बरी तू," तो म्हणाला, चार बायकांसमोर. बायका हसल्या, त्यांना वाटले, तिने काहीतरी फोडले असणार.

तिसरी बैठक डिचोलीची. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून दुसरी बस, रविवारची दुपार. गावचे कोणी भेटणार नाही इतके हे लांब होते, बैठक मराठीतून होती, आणि एका जुन्या शाळेच्या वर्गात भरत असल्यामुळे 'शिवणाच्या वर्गाला जाते' असे घरात सांगायला सोपी होती. वर्ग लांबट होता. मधोमध प्लायवूडची फळी घालून त्याचे दोन भाग केले होते. फळी छपरापर्यंत पोहोचत नव्हती. एका बाजूला पिणारे पुरुष बसत, दुसऱ्या बाजूला त्यांच्या बायका. बैठक चालवणारा शांताराम मूळचा सावंतवाडीकडचा. खाणीवर ट्रक चालवण्यात त्याची उमर गेली होती आणि ट्रकबरोबरच त्याचे यकृतही. त्याची बायको यशोदा बायकांची बाजू सांभाळी. शेवंती दारात दिसताच यशोदेने तिचा हात धरला.

"ये गो बाये. पयल्यांदा इलंस? तेका नाय हाडलंस? जावंदे, तू इलंस ता बरा केलंस."

"मीच—"

"व्हय गो, आपणच येवचा लागता. पुरुष खंय येतत?" आणि यशोदेने तिला फळीच्या अलीकडे, भिंतीला लागून असलेल्या बाकावर बसवले.

पुढल्या रविवारी सांगू, असे शेवंतीने ठरवले. पुढल्या रविवारी तिने सांगितले नाही. त्याचे कारण भित्रेपणा असे नंतर तिनेच स्वतःला सांगितले, पण ते पुरते खरे नव्हते. फळीपलीकडून येणारा शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता. अलीकडे बायका नवऱ्यांच्या मारहाणीचे सांगत, आणि पलीकडे कोणी म्हणे, सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. कोणी म्हणे, बाटली लपवताना जेवढी अक्कल चालली तेवढी शाळेत चालली असती तर मामलेदार झालो असतो. शेवंतीचे डोळे बायकांकडे असत आणि कान फळीला. असे चोरून ऐकत ऐकत तिची दारू सुटली. पावसाळा कोरडा गेला, पुढची चवथ कोरडी गेली, पातोळ्या नीट वाफवल्या गेल्या आणि त्याबद्दल घरात कोणी एक अक्षर बोलले नाही. फक्त एका गोष्टीची भूक राहिली होती. पलीकडे प्रत्येक जण उभा राहून आपले नाव सांगे आणि म्हणे, "मी दारुडा." ते वाक्य तिला एकदा, स्वतःच्या तोंडाने, ते समजणाऱ्या माणसांसमोर म्हणायचे होते. दुसरे काही नको होते.

शेवंती परब डिचोलीला बेवड्यांच्या बायकांत जाऊन बसते, ही बातमी गावात कोणी आणली हे शेवटपर्यंत ठरले नाही. तीन बायकांची नावे घेतली जातात. तिघी देवाच्या शपथेवर नाकारतात. बातमीचा अर्थ लावण्यात मात्र कोणाचे दुमत नव्हते. बायको तिथे जाते, म्हणजे नवरा पितो. तरंगवाला पितो.

नवरात्राच्या आधी देवस्थानचा कारभार पाहणाऱ्या महाजनांची सभा देवळात बसली. सुदेश हा महाजनांतला बोलका माणूस. दाबोळीला नोकरी, गावात शब्दाला वजन. बायका सभामंडपाच्या खाली, पायऱ्यांशी उभ्या होत्या, आणि शेवंतीला त्यांनी आपसूक पुढे जागा करून दिली. तमाशा ज्याचा असतो त्याला पुढे जागा मिळते.

"गुरुदास," सुदेश म्हणाला, "देवाफुडे उबो आसस. रागाव नको. सोरो पितंस काय रे?"

गुरुदासने वर पाहिले नाही. मग पायऱ्यांकडे पाहिले. शेवंतीने तोंड उघडले होते. तो सगळा वेळ तिला पुढे आठवत राहिला, कारण त्या वेळात दोघांपैकी कोणीही खरे बोलू शकले असते.

"पितंय," गुरुदास म्हणाला.

मग प्रसाद घेतला गेला. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा आणि उजवीकडची पाकळी आधी पडते की डावीकडची ते पाहायचे, अशी तिथली रीत. पाकळी डावी, म्हणजे नकाराची, पडली असे भटाने सांगितले. समोर बसलेल्या दोघांना ती उजवी दिसली होती, पण ते बोलले नाहीत. उत्तर आधीच मिळालेले असताना देवाला कोण दुरुस्त करणार? तरंग त्या वर्षी चुलत्याच्या मुलाकडे गेला. सुदेशने एक वाट ठेवली: गुरुदासने त्याच डिचोलीच्या बैठकीत रीतसर जावे, तिथल्या माणसाने शब्द द्यावा, मग पुढच्या दसऱ्याचा विचार करू.

दोघे घरी आली. दार लावल्यावर शेवंती म्हणाली, "खोटां कित्याक बोललात? मी सांगणार होतंय."

"काय सांगणार होतंस? तरंगवाल्याची बायल पिता म्हणान?" त्याने शर्ट खुंटीला लावला. "माका बेवडो म्हणतले. म्हणांदेत. अर्दो गाव बेवडो आसा, चार दिसांनी इसारतले. तुका म्हटला तर गौरवीच्या लग्नात म्हणतले, तिच्या पोरांच्या बारशाक म्हणतले. तोंड उगडलंस तर बघ."

"आई, बाबांनी तुझ्यासाठी केलंय," गौरवी आतून म्हणाली. "निदान उपकार तरी मान."

त्याने ते कोणासाठी केले याबद्दल शेवंतीच्या मनात दोन मते होती. ती तिने आपल्यापाशी ठेवली.

अशा रीतीने आयुष्यात दारूचा थेंबही न चाखलेला गुरुदास परब दर रविवारी स्कूटरवर बायकोला मागे बसवून दारू सोडायला डिचोलीला जाऊ लागला. तो फळीच्या पलीकडे बसे आणि ती अलीकडे. पहिले काही रविवार तो नुसते नाव सांगून खाली बसला. शांतारामने त्याला उगीच डिवचले नाही; तोंड उघडायला वेळ लागतो, हे तो अनुभवाने जाणून होता. मग एका रविवारी गुरुदास "मी गुरुदास, मी दारुडा" म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतीच्या वाटेवर तो पहिल्यांदाच गुणगुणत होता.

त्या टाळ्यांची त्याला चटक लागली. पण टाळ्यांना गोष्ट लागते, आणि त्याच्यापाशी गोष्ट नव्हती. अस्नोड्याच्या वळणावर त्याने एकदा मान मागे न वळवता विचारले, "सकाळी हात कापता ता कसां? आदी बोटां, की सगळो हात?"

शेवंती दचकली. इतक्या वर्षांत त्याने तिला असे काही विचारले नव्हते.

"बोटां," ती म्हणाली. "मगे आतून. पोटातसून. वरसून दिसणा नाय, पूण आत जात्यासारख्यां फिरता."

"जात्यासारख्यां," तो स्वतःशी म्हणाला.

त्यानंतर प्रत्येक रविवारी वाटेत तो विचारी आणि ती सांगे. बाटली कुठे लपवत होतीस? तांदळाच्या पिंपात. वास कसा मारायचीस? कच्चा कांदा, आणि वर विडा. पहिल्यांदा खोटे कोणाशी बोललीस? त्याच्या पाठीशी तोंड नेऊन, वाऱ्यात शब्द उडू नयेत म्हणून मोठ्याने, ती सांगत राही. हीच आपली बैठक, असे तिला तेव्हा वाटले. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर नवरा शेवटी विचारू लागला. मग ती फळीअलीकडे बसे आणि अर्ध्या तासाने तेच शब्द पलीकडून, त्याच्या खणखणीत आवाजात, तिच्या कानावर येत. "आत जात्यासारख्यां फिरता, भावांनो." टाळ्या. यशोदा तिच्या मांडीवर थापटी मारून म्हणे, "कसो मोकळो जाता बघ तो! नशीबवान गो तू."

पहिल्यांदा ते ऐकले तेव्हा तिने सांगायचे बंद केले. गुरुदासने एवढेच म्हटले, "मगे तरंग गेलो म्हणान समज." ती पुन्हा सांगू लागली.

फाल्गुनात एकदा स्कूटर पंक्चर झाली आणि दुकान उघडेपर्यंत दोघांना रस्त्याच्या कडेला, काजूच्या झाडाखाली थांबावे लागले. बोंडांचा आंबूस वास सुटला होता आणि शेवंतीला तो सोसत नव्हता. तिचे मन दुसरीकडे जावे म्हणून की पुढच्या रविवारची सोय म्हणून, कोण जाणे, गुरुदासने विचारले, "सगळ्यात वायट काय केलंस?"

तिने सांगितले. गौरवी सातवीत असताना तापाने फणफणली होती, खराखुरा ताप. तिने पाणी मागितले. शेवंतीच्या हातात ग्लास होता, पाण्यासारख्याच रंगाचा, आणि उठून दुसरा आणायला लागू नये म्हणून तिने तोच मुलीच्या तोंडाला लावला. पोर ओकली, रडली आणि झोपी गेली. डॉक्टरला सांगितले, औषध पोटात ठरत नाही.

शेवंतीला वाटले, आता हा मारेल, आणि मारले तर बरे होईल. पण तो उठून दुकान उघडले का ते पाहायला गेला.

पदकाचा रविवार चैत्रात आला. इतके महिने न पिता राहिल्याबद्दल बैठकीत पितळेचे छोटे पदक देत, आणि त्या दिवशी घरच्यांना बोलावत. गौरवी आली होती, नवा ड्रेस घालून. सुदेशही आला होता, देवळातला हार घेऊन. तो पुरुषांच्या बाजूला, शांतारामच्या शेजारी खुर्चीवर बसला. गौरवी फळीअलीकडे आईच्या बाजूला बसून मोबाईल पाहत होती.

गुरुदास बोलायला उभा राहिला. त्याचे बोलणे आता ठाकठीक झाले होते, कुठे थांबायचे ते त्याला कळत होते. चवथ सांगून झाली. त्यात तो स्वतः न्हाणीत पडलेला होता आणि बायको पाहुण्यांना 'तेंका ताप आसा' म्हणत होती. मग तो थांबला.

"आता सांगतंय ता आजपर्यंत कोणाक सांगूक नाय," तो म्हणाला. "माझां चेडू सातवीत होतां. तेका ताप इल्लो. तेणी पाणी मागल्यान."

गौरवीचा अंगठा मोबाईलवर थांबला.

त्याने सगळे सांगितले. ग्लासाचा रंग, उठायचा कंटाळा, ओकणे, डॉक्टर. पलीकडे कोणीतरी हुंदका दिला. अलीकडे यशोदेने डोळ्यांना पदर लावला. गौरवीला त्या रात्री ग्लास धरणारा हात कोणाचा होता हे माहीत होते. हातातल्या हिरव्या बांगड्या तिला आठवत होत्या, आणि आत्ता कळले की पाण्यासारखे दिसणारे ते पाणी नव्हते. तिने आईकडे पाहिले, शिसारी आलेल्या माणसासारखे. पलीकडे टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात.

शेवंती उठली. गौरवीने तिची साडी धरली. "आई, बस. घराकडे बघू. बाबांचा तरंग आसा."

शेवंतीने साडी सोडवून घेतली, दारातून बाहेर पडून पलीकडच्या दाराने आत गेली. त्या बाजूला बाई कधी आली नव्हती, म्हणून टाळ्या आपोआप थांबल्या. गुरुदासच्या हातात पदक होते.

"मी शेवंती," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला. "मी दारुडी. ह्यांनी सांगल्यानी ता सगळा माझा. चवथ माझी. तो ग्लास माझो. हे कधी पियालेच नाय."

मग शांतारामने दोन्ही हात जोडले, आणि त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होते.

"बघा," तो म्हणाला. "बघा रे, भडव्यांनो. आमच्या बायलांनी आमच्यापायी काय काय सोसल्यानी. आता आमचां पापसुद्धा आपल्या पदरात घेवक उबी रवली."

"नाय," शेवंती म्हणाली. "ह्यांका इचारा."

"इचारूचां काय वहिनी? असो तुमच्यासारखो माणूस घरात आसा म्हणान हो सुटलो." टाळ्या पुन्हा वाजल्या, आधीपेक्षा जोरात. सुदेशने उठून हार गुरुदासच्या ऐवजी तिच्या गळ्यात घातला. "तरंगाच्या घरची सून अशीच व्हयी," तो म्हणाला. "गुरुदास, दसऱ्याची तयारी कर."

शेवंतीने नवऱ्याकडे पाहिले. या खोलीत खोटे बोलायचे नाही, हा एकच नियम भिंतीवर लिहिलेला होता, आणि त्याच्या एका शब्दाने सगळे उलटले असते. गुरुदासने पदक मुठीत घट्ट धरले.

"तिचां मन मोठां आसा," तो म्हणाला.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला. तो विठ्ठल होता. आमोण्याचा, होडीवर काम करणारा, बैठकीला कधी येई कधी येत नसे, आणि आज त्याच्या अंगाला हुर्राकाचा, भट्टीवरून नुकत्या उतरलेल्या काजूच्या दारूचा वास येत होता.

"कसली पितालंस गो?" त्याने तिथूनच विचारले. "फेणी काय इंग्लिश?"

"पावण्यांच्या खोलयेत उरात ती," शेवंती म्हणाली. "व्होडका मिळाली तर बरी."

"वास येणा नाय म्हणान?"

"व्हय."

"विठ्ठल, भायर," शांताराम ओरडला. "पिवन इलंस आणि वर बायलमनशाची चेष्टा करतंस?" दोघांनी त्याला दंडाला धरून दाराबाहेर पायऱ्यांवर नेऊन बसवले. जाताना तो हसतच होता. खोली पुन्हा गंभीर झाली, चहाचे पेले फिरू लागले, गुरुदासभोवती माणसे जमली. शेवंतीने गळ्यातला हार काढून बाकावर ठेवला आणि बाहेर पडली.

विठ्ठल पायरीवर बसून चप्पल घालायचा प्रयत्न करत होता. ती त्याच्यापासून थोडे अंतर ठेवून बसली.

"तुका खरां वाटला?" तिने विचारले.

"कित्याक वाटूचां नाय? बायलांका तोंड नसता काय?" तो पुन्हा हसला. "फुकटची पितालंस तू. पावण्यांची उष्टी. नशीब लागता. आमका मासळी इकून पिवची लागता." मग त्याने तिच्याकडे नीट पाहिले, माल पारखावा तसे. "घोव तुजो बरो चोर आसा. दारू सोडून सगळा चोरता."

ती हसली. किती दिवसांनी, ते तिलाही सांगता आले नसते.

"चल," विठ्ठल म्हणाला. चप्पल एकदाची पायात गेली होती. "पुलाकडे हुर्राक बरो मेळता. आजचोच. लिमको घालून एक एक मारूया. बोलतंय ता थंय बोल, हंय कोण आयकता तुजां?"

तिच्या तोंडाला पाणी सुटले. जीभ, टाळू, घसा, सगळे एकदम जागे झाले. इतक्या दिवसांत तिला दारुडी समजणारा हा एकटा माणूस भेटला होता, आणि दारुडीला जे विचारायचे तेच तो विचारत होता. त्याचे काही चुकले नव्हते. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले.

"बस," ती म्हणाली.

"कित्याक?"

"माका सांगूचा आसा. आयक, आणि मगे जा."

"आयकान झालां सगळां. तुजो घोव आताच सांगी होतो."

"तेका माहीत नाय ता सांगतंय."

विठ्ठलने पुलाच्या दिशेने पाहिले, तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली आणि पुन्हा बसला. "आटप तर. मगे हुर्राक सरत येता, तळाचो पियाक मजा नाय."

आतून गुरुदास बाहेर आला, गौरवी त्याच्यामागे. दारुड्याच्या शेजारी बसलेली बायको पाहून तो थबकला. मागे दारात सुदेश उभा होता, म्हणून तो ओरडला नाही. त्याने गौरवीला मागे बसवून स्कूटर चालू केली, फाटकापाशी नेली आणि हॉर्न दिला. गौरवीने मान वळवली नाही. त्याने पुन्हा हॉर्न दिला, आणखी लांब. मग स्कूटर निघाल्याचा आवाज आला, वळणावर बारीक होत गेला.

"गेलो," विठ्ठल म्हणाला. "आता बस खंयची तुका?"

"बघू." शेवंतीने घसा खाकरला. "मी शेवंती. मी दारुडी."

"ता कळला. फुडे?"

"सगळे इचारतत, कसल्या दुःखान पियाक लागलंस. दुःख नव्हता. मे म्हयनो होतो, खोली आवरून झालेली, दर्या दिसत होतो, आणि बाटलेत थोडी उरलेली. घोव बरो होतो, चेडू लहान होता, घरात काय कमी नव्हता." ती थांबली. हे तिने स्कूटरवर सांगितले नव्हते. "मी घोट घेतलंय. आणि माका आवडली."